आई तयार नाही

८ ऑगस्ट

सूनबाई,

आशीर्वाद. पुढे तुझा नवरा "पत्र लिहिण्यास कारण की" असं काहीतरी लिहायला निघाला होता. मी म्हटलं, कारण तिला माहीत आहे, शाई जपून वापर. फोनवर मला तुमचं कोणाचंच ऐकू येत नाही. परवा बारका बराच वेळ काहीतरी सांगत होता आणि मी आपली "हो हो, छान छान" करत होते. मग कळलं, तो सायकलवरून पडला होता. आजी छान म्हणाली म्हणून पोरगं रडलं म्हणे. त्यापेक्षा हे बरं. मी बोलते, हा लिहितो. तू लिही, हा वाचून दाखवेल. अक्षराशी माझं आयुष्यभर बोलणं नाही, आता या वयात काय गोडी वाढवायची.

तुम्ही गेल्यापासून घर ऐसपैस झालंय. जेवायला आम्ही दोघं आणि रिकाम्या खुर्च्या. तुझा नवरा दिवसभर खाली दुकानात लोकांच्या शिलाई मशिनी उघडून बसतो आणि वर आला की तोंड उघडत नाही. मशीन असते मी, तर निदान दोन थेंब तेल तरी घातलं असतं त्याने. लिहिलंस का रे हे? लिहिलं म्हणतो. आता मला कोण सांगणार, लिहिलं की नाही ते.

(लिहिलं आहे. – मी)

पोरांच्या शाळेसाठी गेलात ते चांगलंच केलंत. इथल्या वर्गात पोरं एकमेकांच्या मांडीवर बसायची, आणि गल्लीतल्या धुराने बारक्याची छाती सारखी वाजायची. हा म्हणतो, दुकानाचं काहीतरी बघून मागोमाग येतो. काय बघतोय कोण जाणे, दुकान तर रोज तिथेच दिसतं.

तिकडचं सगळं कळव. मोठीला म्हणावं, केस बांधत जा.

– आजी, म्हणजे तुझी सासू


१७ ऑगस्ट

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मुलांना वाचून दाखवलं. तेलाचं ऐकून मोठी इतकी हसली की तिचं दूध नाकातून आलं.

घर छोटंच आहे, पण पुढे अंगण आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आहेत. शाळा चालत जाण्याजोगी. मोठीच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाची नावं पाठ होती. बारका रात्री न खोकता झोपतो. सुरुवातीला मीच उठून उठून बघायची, एवढा शांत कसा म्हणून. मला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं आहे. लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि कोणती काच बरी ते विचारते. दोन्ही सारख्याच दिसतात म्हणणारे रोज भेटतात.

आता महत्त्वाचं. तळमजल्यावरची खोली मी तुमच्यासाठी ठेवली आहे. खिडकी अंगणाकडे उघडते. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली. पण हे फोनवर म्हणतात, आई ती जागा सोडायला तयार नाही, तू विषय काढू नकोस. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. तुम्ही याल का? तुम्ही आलात तर यांचंही तिथे काही अडून राहणार नाही. मी तुम्हाला ओझं म्हणून बोलावत नाही. मला तुम्ही इथे हव्या आहात.

– तुमची सून


२९ ऑगस्ट

सूनबाई,

पत्र मिळालं. याने दोनदा वाचून दाखवलं. दूध, झाडं, शाळा, चष्मे, सगळं कळलं. बारका खोकत नाही हे वाचल्यावर मी त्याला म्हटलं, तेवढंच पुन्हा वाच. त्याने तेवढंच पुन्हा वाचलं.

एवढी झाडं आहेत म्हणतेस, मग पानं कोण झाडतं? हिरवं हिरवं म्हणून लोक जातात आणि मग जन्मभर झाडू घेऊन फिरतात. असो. अंगण आहे हे छान. पोरांना पाय पसरायला जागा हवीच. पसरा सगळे, खुशाल पसरा.

आमचं इथे ठीक चाललंय. म्हाताऱ्या माणसाला काय लागतं, एक कोपरा. कोपरे इथेही आहेत, देवदयेने चारही. आपण होऊन कुठे जाऊन बसावं असा माझा स्वभाव नाही, हे तुला लग्नापासून ठाऊक आहे.

तुझ्या नवऱ्याने काल कोबी केला होता. तो कोबी होता हे त्याने सांगितलं म्हणून कळलं.

(कोबी जरा जास्त शिजला होता. – मी)

– आजी


१४ सप्टेंबर

ती. आईंना नमस्कार.

"कोपरे इथेही आहेत" हे वाचलं आणि मग पुढचं वाचायला मला थोडा वेळ लागला. हे म्हणाले होते तेच खरं म्हणायचं.

माझं काही चुकलं असलं तर स्पष्ट सांगा. निघताना सामानाच्या गडबडीत मी म्हटलं होतं, "आधी आम्ही जाऊन बघतो, मग तुमचं बघू." त्या "बघू"चा राग आला का? मला तसं म्हणायचं नव्हतं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. खोली अजून तशीच आहे. मोठी तिथे अभ्यासाला बसते, पण पुस्तकं रोज उचलून आणते. म्हणते, आजीची आहे.

बारका शाळेत सगळ्यांना सांगतो की पुढच्या आठवड्यात बाबा येणार. त्याच्या बाई मला फाटकाशी भेटतात आणि दर वेळी विचारतात, आले का? मी म्हणते, पुढच्या आठवड्यात. आता मीही त्याच्यासारखंच बोलायला लागले.

– सून


२५ सप्टेंबर

सूनबाई,

तुझं पत्र आलं, पण अगदीच तोकडं. याने उभ्या उभ्याच वाचून संपवलं. चष्म्याच्या दुकानात बरीच जुंपलेली दिसतेस. मोठी पुस्तकं घेऊन अभ्यासाला बसते हे कळलं. कुठे बसते ते काही लिहिलं नाहीस, पण बसते हे काय कमी आहे.

बारक्याचं ते "पुढच्या आठवड्यात बाबा येणार" याने वाचलं आणि मग हात धुवायला गेला. हाताला काही लागलेलं नव्हतं. बराच वेळ धूत होता.

आल्यावर मी विचारलं, जात का नाहीस रे? म्हणतो, तुला एकटीला टाकून कसा जाऊ? म्हणजे बघ, मी इथे कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि माझ्यामुळेच सगळं अडलंय. हे मला ठाऊकच नव्हतं. आपण रस्त्यात उभे आहोत हे गाय सोडून सगळ्यांना कळतं म्हणतात, तशातली गत. मी त्याला म्हटलं,

(इथे आई बरंच बोलली. ते मी लिहीत नाही. – मी)

असो. एवढं मोठं पत्र झालं. तुझ्यापेक्षा मोठं.

– आजी


११ ऑक्टोबर

सूनबाई,

अक्षर बदललेलं बघून दचकू नकोस, मी आहे धडधाकट. तुझा नवरा बाहेरगावी गेलाय. एका कारखान्यात गणवेश शिवायच्या सगळ्या मशिनी एकदम रुसल्यात, त्यांची समजूत काढायला. त्याच्या मागे तुझं पत्र आलं. मला काही धीर निघेना. मग समोरच्या टेलरबाईला बोलावलं. हे तीच लिहितेय.

या टेलरबाईचा आवाज तुला माहीत आहे. चार मशिनी चालू असताना पलीकडच्या बाईशी गप्पा मारून तयार झालेला गळा. मी म्हटलं, हळू वाच. हळू म्हणजे दार लावून घेतलं इतकंच. तुझं पत्र मी ऐकलं, आणि माझ्या अंदाजाने फळवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

तू लिहिलंयस, "मी दोन वेळा बोलावलं, आता तिसऱ्यांदा बोलावत नाही, पण खोलीला कुलूप लावणार नाही."

मी टेलरबाईला म्हटलं, तू भलत्याच घरचं पत्र वाचतेयस. मला कोणी एकदाही बोलावलेलं नाही. ती म्हणाली, पाकिटावर तर तुमचाच पत्ता आहे. मग तुझी जुनी पत्रं काढली. तुझ्या नवऱ्याच्या खणात होती, मशीनच्या सुयांच्या डब्यांमागे, एकही फेकलेलं नाही. सगळी वाचून घेतली. ती खोली, ती दांडी, ते "हव्या आहात". माझ्या पोराने मला सगळं वाचून दाखवलं होतं, फक्त मी सोडून.

मला राग आला का म्हणून टेलरबाई विचारतेय. आला. पहिल्यांदा त्याचा आला, मग तुझा. तीन पत्रं माझ्यासारख्या आंधळीच्या हाती दिलीस आणि उत्तराची वाट बघत बसलीस? एकदा गाडीत बसून यायचं, माझ्या कानाशी ओरडायचं. पण तूही माझ्यासारखीच, मान ताठ. आपल्या दोघींच्या ताठ माना आणि मध्ये हा वाकलेला. त्याचं फावलंच.

"बघू"चा मला राग आला नव्हता. खरं सांगायचं तर थोडा आला होता. पण पुढे तू बोलावलंच नाहीस म्हणून तो वाढला. बोलावलं होतंस हे कळल्यावर आता त्या रागाचं काय करू? टेलरबाई म्हणते, ठेवून द्या, कधीतरी लागेल.

तर ऐक. मी येतेय. तो यायच्या आत निघते, नाहीतर दारात उभा राहून असं तोंड करेल की मी पुन्हा बसेन. टेलरबाई बसने पोचवते आहे. तिच्या हाती दुकानाची किल्ली देऊन ठेवलीये आणि एक निरोप: आई तयार होती, गेली.

तू त्याला फोनवर काही बोलू नकोस. मी बघते.

– आजी
(मी फार मोठ्याने वाचलं नव्हतं. – टेलरबाई)


१६ ऑक्टोबर

लेका,

पोचले. हे पत्र तुझी बायको लिहितेय. तिला म्हटलंय, मी तुझ्याबद्दल काहीही बोलले तरी कंस घालायचा नाही. आणि तिच्याबद्दल बोलले तरी लिहायचंच.

तर पहिलं तिच्याबद्दल. चहा पातळ करते. अजूनही. लिही, लिही.

खोली चांगली आहे. दांडी इतकी भक्कम की मी धरली नाही तर तिला वाईट वाटेल म्हणून धरते. पोरं दोन्ही बाजूंनी बिलगली आणि मला कळेना की बारका उंच झालाय की मी खचलेय. दोन्ही झालंय म्हणे. रात्री त्याची छाती ऐकली, कान लावून. मला काही ऐकू आलं नाही. आता त्यात माझ्या कानाचा दोष किती ते सोडून दे, सगळे म्हणतात शांत आहे.

तुझ्यावर मी रागावलेय. ते एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही. म्हाताऱ्या माणसाला वाटतं की आपल्याला कोणी विचारत नाही, आणि तू मला तसं वाटू दिलंस, माझ्यासमोर बसून, कोबी वाढत.

पण मला एक कळत नाही. मी तुला ओळखते. तू कधी कुणाची सुईसुद्धा चुकून ठेवून घेतली नाहीस. मग हे का केलंस? माझ्यासाठी केलंस असं सांगू नकोस. मी आता इथे आहे, आणि तू अजून तिथेच आहेस. म्हणजे मी कारण नव्हते. कारण दुसरं आहे. ते लिही.

– आई


२४ ऑक्टोबर

आई,

हे पत्र तिलाच वाचावं लागणार, म्हणजे दोघींनाही लिहितो आहे. तिने काही गाळू नये.

तिचं आणि मुलांचं तिथलं घर लावून द्यायला मी आलो होतो, तेव्हा मुलांना शाळेत सोडायला गेलो. फाटकाशी बरेच वडील उभे होते. एकाने विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, शिलाई मशिनी दुरुस्त करतो. तो चांगला माणूस होता, चेष्टा नाही केली. खऱ्या नवलाने म्हणाला, "अजून असतात?" बाकीचे हसले, तेही चांगल्या मनाने. मोठी शेजारी उभी होती. ती त्या माणसाकडे नाही, माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो ते. मी काहीच म्हटलं नाही.

मग मी त्या सगळ्या वस्तीतून फिरलो. झाडं, अंगणं, सगळं छान. एकाही घरातून मशीनचा आवाज आला नाही. इथे आपल्या गल्लीत मशीन अडकली की खिडकीतून माझ्या नावाची हाक येते. मी नुसत्या आवाजावरून सांगतो, काय तुटलंय ते. तिथे मी कोण? रिकाम्या हाताने फिरणारा एक माणूस, त्या दोघांचा बाप.

तिने फोनवर विचारलं, कधी येता? तोंडात पटकन आलं ते बोललो, आई तयार नाही. ते इतकं सोपं होतं. तिला पटलं. तुझं नाव घेतलं की कोणी पुढे विचारत नाही. मग ते खरं राहावं म्हणून पत्रात खोली आली की मी पुढच्या ओळीवर जायचो. लिहिताना गाळलं तर कंस घालायचो. वाचताना कंस कुठे घालणार.

बारक्याचं मात्र मी वाचलं. ते गाळता आलं नाही.

टेलरबाईने माझ्याशी बोलणं टाकलंय. तिच्या मशीनचा पट्टा घसरतो, मला इथून ऐकू येतं, पण ती हाक मारत नाही.

– मी


२ नोव्हेंबर

लेका,

तुझं पत्र वाचताना तुझी बायको दोनदा थांबली. मला वाटलं, झालं, हिलाही ती खोड लागली. पण गाळत नव्हती, नाक पुसत होती. आता हे लिहिताना पण पुसतेय. कागद ओला झाला तर माझा दोष नाही.

मोठीलाही वाचून दाखवलं. मी विचारलं, त्या दिवशी तू बाबाकडे का बघत होतीस गं? म्हणाली, "मला वाटलं बाबा सांगतील, हो, असतात, आणि मग आवाज काढून दाखवतील, मला दाखवतात तसा." ती लाजत नव्हती रे. ती वाट बघत होती.

आता माझं ऐक. मी इथे आल्यापासून कोणीच नाही. तिथे मी दुकानवाल्याची आई. रस्त्याने गेले की फळवाला विचारायचा, भाजीवाली विचारायची. इथे कुत्रंसुद्धा ओळखीने भुंकत नाही. सुरुवातीला फार झोंबलं. कोपऱ्यावरच्या बाकावर एक बाई बसते. परवा तिने विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, बसते. ती म्हणाली, मी पण. झाली ओळख. आता ती मला आणि मी तिला, शेजाऱ्यांच्या चुका सांगतो. कोणाच्या ते अजून नीटसं ठाऊक नाही, पण चुका बरोबर आहेत.

माणसाला नवीन जागी थोडे दिवस कोणी नसणं सोसावं लागतं. सुनेने सोसलं. पोरांनी सोसलं. बारक्याला पहिल्या आठवड्यात कोणी खेळायला घेतलं नाही, हे तिने तुला कधी सांगितलंय? नाही. तिनेही गाळलंच की. या घरात एक मीच पूर्ण बोलते, आणि मलाच लिहिता येत नाही.

दुकान बंद कर असं कोणी म्हटलेलं नाही. ये असाही हट्ट मी करणार नाही, तू काही बारका नाहीस. यायचं नसेल तर "मला यायचं नाही" असं लिही. तुझी बायको ते वाचेल, रडेल, पण तिला कळेल की ती कोणाशी भांडतेय. इतके महिने ती माझ्याशी भांडत होती आणि मला पत्ताच नव्हता. फक्त "आई तयार नाही" हे आता चालायचं नाही. आई इथे बसून पातळ चहा पितेय.

– आई


२३ नोव्हेंबर

टेलरबाई,

आशीर्वाद. हे कोण लिहितंय ते अक्षरावरून ओळखलंच असशील. तू त्याच्याशी बोलत नाहीस ना, पण वाचायला काय हरकत आहे.

शनिवारी आला. हातात हत्यारांची पेटी, कपड्यांची पिशवी नाही. म्हटलं, राहायला आलास की घराला काही बसवायला? पेटी दाराआड ठेवली आणि चपला काढल्या. बारका शाळेच्या गणवेशातच झोपला होता, त्याला उठवलं नाही. सकाळी उठून त्याने बापाला बघितलं आणि म्हणाला, "हा आठवडा पुढचाच आहे ना?" त्यावर माझ्या पोराला हात धुवायला जावंसं वाटलं असणार. पण गेला नाही, बसून राहिला.

सुनेने काय केलं म्हणशील, तर काही नाही. एक ताट जास्त मांडलं. दोन दिवस कामापुरतं बोलत होती, हे घ्या, ते द्या. तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानातून येताना ती याला बरोबर घेऊन गावभर फिरून आली. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ऐकू आलं नसतंच. पण आल्यावर तिने चहा केला आणि तो घट्ट होता, यावरून मी काय समजायचं ते समजले.

सोमवारी पोरांना सोडायला गेला. तोच माणूस फाटकाशी भेटला म्हणे. याने आपण होऊन सांगितलं, हो, अजून असतात, आणि मी त्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, माझ्या आईची मशीन माळ्यावर पडलीय, फेकायची होती. याने सांगितलं, फेकू नका, आधी ऐकवा. एवढंच. त्याने अजून आणलेली नाही, आणेल न आणेल. आम्ही कोणी खिडकीत उभे नाही.

किती दिवस राहणार ते याने सांगितलेलं नाही. मी विचारत नाही, सून विचारत नाही. पोरं मात्र दर जेवणाला विचारतात, आणि हा म्हणतो, आधी जेवा.

तुझा घसा जप. पत्राचं उत्तर पाठव. वाचून हाच दाखवेल.

– तुझी समोरची आजी

(टेलरबाई, आईचं सांगून झालं. आता माझं. दुकान यापुढे आठवड्यातले मधले तीन दिवस उघडं राहील, मी तेवढ्यासाठी येत जाईन. तुमच्या मशीनचा पट्टा पहिल्याच दिवशी बदलून देतो, हाक मारली नाहीत तरी. दारावर पाटी लावाल का? बाकीचे दिवस कुठे असतो म्हणून कोणी विचारलं, तर सांगा, घरी. आणि कारण विचारलं, तर आईचं नाव सांगू नका. – मी)